चपलांचं तोंड घराकडे

राऊळमावशीला मी लिहिलेलं पहिलं पत्र तक्रारीचं होतं. सोसायटीच्या लेटरहेडवर, खाली शिक्का मारून. 'तलावाच्या पायऱ्यांवर बसून आपण रोज दुपारी चार ते सहा या वेळात शिट्टी वाजवता, त्याचा आमच्या ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो,' असा मजकूर होता. खरं तर एकाही ज्येष्ठ नागरिकाने तोंड उघडलं नव्हतं. झोप माझी मोडत होती. पण सेक्रेटरीला स्वतःच्या झोपेबद्दल अधिकृत पत्र लिहिता येत नाही, म्हणून ज्येष्ठ नागरिकांना मध्ये घातलं.

पत्र घेऊन गेलेला वॉचमन दहा मिनिटांत परत आला. उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर होतं: 'पोरां चार वाजता पाण्यात जातत. तुमी दोन वाजता झोपा. सुनंदा राऊळ.' मी ते उत्तर फाइलला लावलं, कारण आमच्याकडे आलेला प्रत्येक कागद फाइलला लागतो. आजही तो तिथेच आहे.

आमची सोसायटी मुलुंडला, डोंगराच्या बाजूला. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे तलाव आणि तलावाला लागून एक बैठी चाळ. तलाव म्हणजे पूर्वीची दगडाची खाण. खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साठलं, मग एका बाजूने पायऱ्या आल्या, रेलिंग आलं, गणपतींचं विसर्जन सुरू झालं आणि खड्ड्याला लोक तलाव म्हणायला लागले. पाण्याखाली पाच पायऱ्या आहेत. सहावी नाही. पाचवीनंतर खाणीची भिंत सरळ खाली गेली आहे. चाळीतल्या मुलांना हे ठाऊक होतं. आमच्या मुलांना नव्हतं, आणि आमची मुलं तिथे जातात हे आम्हा आईबापांना ठाऊक नव्हतं.

मावशी मूळची वेंगुर्ल्याकडची. ठेंगणी, रुंद, फुलाफुलांचा गाऊन आणि त्यावर ओढणी. 'नवरा गिरणीत, गिरणी गेली, मग वॉचमन, मग तोही गेला,' एवढं चरित्र ती एका दमात सांगायची आणि पुढच्या दमात बाजारात सुरमई काय भावाने होती त्यावर यायची. चाळीस वर्षं मुंबईत काढल्यामुळे तिची भाषा आपल्यासारखीच झाली होती. मालवणी बाहेर यायची ती रागावली की, किंवा माया आली की. यातलं नेमकं काय झालंय ते समोरच्याला चेहऱ्यावरून ओळखावं लागे आणि चेहरा दोन्ही वेळी सारखाच असे.

वरून तिसऱ्या कोरड्या पायरीवर ती बसायची. मांडीवर परात, परातीत निवडायची भाजी नाहीतर सोलायची कोलंबी. गळ्यात शिट्टी. एका बाजूला नवऱ्याची जुनी काळी छत्री, वाकड्या मुठीची. ऊन असो नसो, छत्री हवीच. दुसऱ्या बाजूला रेलिंगला बांधलेला लांब दोर आणि त्याच्या टोकाला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला. कोणी बुडायला लागलं तर हा कॅन त्याच्याकडे फेकायचा. स्वतः उडी मारायची नाही. हे तिने मुलांकडून इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की माझी सई एकदा झोपेत 'कॅन फेक, कॅन फेक' म्हणाली आणि त्यामुळेच ती तलावावर जाते हे आम्हाला कळलं.

मावशीने अठ्ठावीस वर्षं बालवाडीत मदतनीस म्हणून काढली होती. तिथे खिचडी वाढायच्या आधी मुलं मोजायची असत आणि तीन-चार वर्षांची मुलं काही एका जागी उभी राहून मोजून घेत नाहीत. म्हणून ती दाराबाहेरच्या चपला मोजायची. चपला पळत नाहीत, असं तिचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर ती तलावाच्या पायरीवर कोलंबी सोलायला बसायला लागली आणि सवयीने तिथल्या चपला मोजायला लागली. एके दिवशी पाण्यात अकरा डोकी आणि पायरीवर बारा जोड. बारावा पोरगा समोरच्या काठावरच्या कातळामागे लपून मजा बघत होता. त्याला तिने कानाला धरून बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कायदा सुरू झाला.

कायदा असा. चपला काढून रांगेत लावल्याशिवाय पाण्यात पाऊल नाही. चपलांचं तोंड घराकडे, टाचा पाण्याकडे. का, तर म्हणे बाहेर आल्यावर सरळ पाय घालून घरी जाता आलं पाहिजे. प्रत्येकाला एक जोडीदार. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा; मावशी आधी हात मोजणार, मग चपला. पाण्याखालची तिसरी पायरी तिने पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवून घेतली होती. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं आणि ती पायरी दिसेनाशी झाली की पोहणं बंद, कोणी कितीही गयावया करो. विसर्जनानंतर पाट, बांबू आणि तारा बाहेर काढून होईपर्यंतही बंद. मुलं जसजशी बाहेर येत तसतशी रांग कमी होत जाई. शेवटचा जोड उचलला गेला की ती रिकाम्या पायरीकडे बघून 'झाला' म्हणायची आणि परात उचलायची.

माझ्यासारख्याला वाटणार की एवढं सगळं करते म्हणजे हिचं कोणीतरी बुडालं असणार. चाळीत तशी एक गोष्टही होती, मुलगा की भाऊ यावर एकमत नव्हतं. एकदा धीर करून मी विचारलं. ती म्हणाली, "कोणी नाय बुडालं. शाणपण येवक कोण मराकच व्हया काय, सेक्रेटरी?"

मी परत फिरलो. मनातल्या मनात रचलेली गोष्ट वाया गेल्याचं थोडं वाईट वाटलं.

मोठ्या मुलांशी ती वेगळी वागायची. चाळीतला ओंकार तेव्हा सतरा वर्षांचा, ओठावर मिशीची रेघ, हातात मोबाइल. कातळावरून पाण्यात सूर मारायचा आणि त्याची रील काढायची असं त्याने ठरवलं. आमच्यापैकी कोणी असता तर 'खबरदार' वगैरे म्हणाला असता आणि ओंकारने दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी नसताना उडी मारली असती. मावशी म्हणाली, "झकास. मार. पण आधी बांबू घे आणि जिथे डोकं पडणार तिथे पाण्यात घालून बघ." त्याने कातळावर पालथं पडून बांबू घातला. हात-दीड हात गेला आणि खट्ट करून अडकला. खाली खाणीच्या दगडाचा बाक होता, वरून अजिबात न दिसणारा. ओंकारने बांबू बाहेर काढला, ओला झालेला भाग बघितला आणि मग स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

"काय रे, काढतोस ना व्हिडिओ?" मावशी.

"नको मावशी. मूड गेला."

त्यानंतर तो बांबू कातळाजवळच राहिला आणि नव्या पोरांना बाक दाखवायचं काम ओंकारने आपण होऊन घेतलं.

आणि विघ्नेशची गोष्ट तर चाळीत अजून सांगतात. एका संध्याकाळी सगळी मुलं बाहेर आली आणि पायरीवर निळ्या स्लिपरचा एक जोड उरला. विघ्नेशचा. मावशीने शिट्टी वाजवली, हाका मारल्या, कॅन फेकला, माणसं गोळा झाली, दोघं चांगले पोहणारे कमरेला दोर बांधून खोलवर जाऊन आले. पाऊण तास. मावशी त्या निळ्या स्लिपर छातीशी धरून उभी होती. तेवढ्यात कोणीतरी सांगत आलं की विघ्नेश घरी जेवतोय. आईने बांगडे तळले होते, वास आला, पोरगा अनवाणीच पळाला. मावशी त्याच्या घरात शिरली, त्याच्या समोर बसली, त्याच्या ताटातला तळलेला बांगडा उचलून सावकाश काटे काढत सगळा खाल्ला आणि म्हणाली, "हो माझो दंड." मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून ढसाढसा रडली. विघ्नेश आता कॉलेजात आहे. बांगडा दिसला की तो अजूनही ओशाळतो.

हे सगळं मी लांबून ऐकलेलं, नाहीतर खिडकीतून बघितलेलं. मी त्यात शिरलो तो माझ्या मूर्खपणामुळे.

एका मे महिन्यात घाटकोपरहून माझ्या बहिणीचा मुलगा अर्णव राहायला आला. नऊ वर्षांचा, पोहता न येणारा, आणि पायात नवेकोरे, लाइट लागणारे बूट. सईबरोबर तलावावर जायचा हट्ट धरून बसला. "नुसता पायरीवर बस, पाण्यात जाऊ नकोस," असं मी सांगितलं आणि वर अक्कल पाजळली: "बूट इथेच ठेव. तिथे चाळीतली पोरं असतात, नवीन बूट गेले म्हणजे तुझी आई माझ्यावर येईल. दोन पावलांवर तर आहे, अनवाणी जा."

सई पुढे पळाली होती. अर्णव मागून एकटा, अनवाणी गेला आणि पायरीच्या अगदी कडेला बसला. रांगेत त्याचे बूट नव्हते, त्याला जोडीदार नव्हता. मावशीच्या हिशेबी तो पोरगा तलावावर आलाच नव्हता.

पुढचं मला सईने सांगितलं. मावशीने शिट्टी दिली, हात वर झाले, हात मोजले, चपला मोजल्या, सगळं बरोबर. मुलं पुन्हा खेळायला लागली. पण मावशी परातीकडे वळली नाही. पायऱ्यांच्या उजव्या टोकाला पाणी हलत होतं आणि तिथे आवाज नव्हता. ती मुलांना नेहमी सांगायची की बुडणारो बोंबलना नाय. सिनेमातली माणसं हात हलवून ओरडतात; खरा बुडणारा तोंड वर करून गप्प असतो. तिला पाण्यावर काळे केस दिसले. कडेला बसलेला अर्णव कधी घसरला ते कोणीच बघितलं नव्हतं.

तिने कॅन फेकला. तो अर्णवच्या गालाला लागून गेला, पण त्याला तो धरायचं सुचलं नाही. मग मावशीने दोराचा मधला भाग स्वतःच्या कमरेला दोनदा गुंडाळून गाठ मारली, छत्री उचलली आणि पायऱ्या उतरली. पहिली, दुसरी, पांढरी, चौथी, पाचवी. पाणी हनुवटीला आलं. तिने छत्रीचं टोक हातात धरलं आणि वाकडी मूठ पुढे टाकून अर्णवच्या काखेत अडकवली. त्याला ओढून घेताना तिचा स्वतःचा पाय पाचवीवरून सुटला आणि दोघंही खाली गेली.

वर ओंकार होता, सई होती, आणखी आठ-दहा मुलं. एकानेही उडी मारली नाही. सगळ्यांनी दोर धरला आणि ओढला, जसा तिने पन्नास वेळा ओढायला लावला होता. पाण्यावर आधी छत्री आली, मग छत्रीला लटकलेला अर्णव, मग त्याला मिठी मारलेली मावशी.

मी धावत पोचलो तेव्हा अर्णव रडत, ओकत होता. तो रडतोय याचा मला इतका आनंद झाला की मीही रडायला लागलो. "आता ठीक आहे, घरी नेतो," असं मी म्हणालो, तर खोकून खोकून लाल झालेली मावशी ओरडली, "घरी नाय. हॉस्पिटलात. छातीत पाणी गेलं असेल तर ते मागाहून त्रास देतं." डॉक्टरांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी धडधाकट घरी सोडला. बहिणीने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही; ते सगळं बरोबर होतं.

पण त्या गडबडीत एक गोष्ट फुटली. मावशी पाण्याखाली गेली तेव्हा तिने हात मारले नव्हते, पाय मारले नव्हते, दगडासारखी गेली होती. कोकणातली, समुद्राकाठची, म्हणजे हिला पोहता येणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कोणी कधी विचारलंच नव्हतं.

दोन दिवसांनी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग भरली. चाळीतलीही माणसं आली होती. आमचे खजिनदार सबनीस म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपली मुलं पोहता न येणाऱ्या बाईच्या भरवशावर होती? कमाल आहे." पायऱ्यांना जाळी लावून कुलूप घालावं आणि बाईंना तिथे बसू नये असं कळवावं, असा ठराव मला लिहायला सांगितला. मी पेन उघडलं. तेवढ्यात मावशी दारात आली.

"माका पवाक येना नाय," ती म्हणाली. "ह्यां खरां आसा. आमच्या गावात बायकांनी पाण्यात जायचं ते कपडे धुवायला. समुद्र समोर होता, पण शिकवलं कोणी नाही. सबनीसांचं बरोबर आहे. पोहता येणारं माणूस बसवा." तिने गळ्यातली शिट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "फक्त कोणीतरी बसवा. जाळी लावलीत तर पोरं जाळीवरून चढून जातील आणि मोजायला कोणी नसेल."

कोण बसणार, असं मी विचारलं. रोज चार ते सहा. सबनीसांना फोन आला. बाकीचे पंख्याकडे बघत होते. तेव्हा मी बोललो. खरं तर पहिल्याच वाक्याला बोलायला हवं होतं, पण लाज वाटत होती. म्हणालो, "बूट मी घरी ठेवायला सांगितले. चोरीला जातील म्हणून. ते बूट रांगेत असते तर मावशीला पोरगा दिसला असता." ठराव तसाच अर्धवट राहिला. शिट्टी माझ्याकडे राहिली आणि मावशी घरी गेली.

तीन दिवस पायरी रिकामी होती. चौथ्या दिवशी चार वाजता मला झोप येईना, इतकी शांतता होती. खिडकीतून बघितलं. पायरीवर चपलांची लांब रांग होती, तोंडं घराकडे. आणि वरच्या पायरीवर सगळी मुलं कोरड्या कपड्यांत बसली होती. पाण्यात कोणी नव्हतं. मी खाली गेलो आणि सईला विचारलं, काय चाललंय.

"मोजायला कोणी नाहीये ना, बाबा," ती म्हणाली.

जाळी, कुलूप, ठराव, काहीच नसताना एवढी मुलं मे महिन्याच्या उकाड्यात पाण्याकडे बघत बसून राहिली होती. मी शिट्टी घेतली आणि सगळी वरात मावशीच्या दारात नेली. ती कोलंबी सोलत होती.

"मी बसतो," मी म्हणालो. "मला पोहता येतं, पण बघता येत नाही. पाण्यात काय बघायचं ते तुम्ही शिकवा."

"आणि मावशी, तुला पोहायला आम्ही शिकवतो," सई म्हणाली.

"चौसष्टाव्या वर्षी?" मावशी म्हणाली.

"कॅन बांधू ना," ओंकार म्हणाला. "वाट नाही लागणार, मावशी. दोर माझ्या हातात."

आठ दिवस ती दुसऱ्या पायरीच्या खाली उतरली नाही. नवव्या दिवशी ओंकारने डोकं पाण्यात घालायला सांगितलं, तर म्हणाली, "डोक्याला तेल आसा." मुलांनी तिला तिचेच कायदे ऐकवले: जोडीदाराचा हात धर, घाई नको, पांढरी पायरी बघ. कमरेला दोन कॅन बांधून, सई आणि ओंकारच्या हातांवर ती पहिल्यांदा पाठीवर तरंगली. मग म्हणाली, "सगळां आभाळ दिसता रे." इकडे मी तिच्या जागेवर बसून दुसरी शाळा शिकत होतो. हसणाऱ्या पोरांकडे नको बघू, गप्प झालेल्याकडे बघ, असं ती पाण्यातून मला ओरडून सांगायची. कधीतरी तिने मला अरे-तुरे करायला सुरुवात केली आणि मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. सोसायटीने जाळीऐवजी बुडणाऱ्याकडे फेकायची दोन तरंगती कडी घेतली. ओंकारने जीवरक्षकाचं शिक्षण घेऊन दाखवलं. सबनीस गुरुवारी बसतात, आणि शिट्टी माझ्यापेक्षा जोरात वाजवतात.

मागच्या वर्षी चाळ पुनर्विकासाला गेली आणि मावशी बोरिवलीला मुलीकडे राहायला निघाली. जायच्या आदल्या दिवशी चार वाजता ती नेहमीसारखी आली. पावसाने उघडीप दिली होती, पांढरी पायरी स्पष्ट दिसत होती. तिने रांगेच्या टोकाला आपल्या झिजलेल्या चपला लावल्या, तोंड घराकडे वळवलं आणि पाण्यात उतरली. त्या दिवशी कॅन नव्हता. ओंकार शेजारून पोहत होता, हात न लावता. पायऱ्यांपासून कातळापर्यंत फार अंतर नाही, पण मध्ये तळ नाही. ती धापा टाकत, पाणी उडवत, कोणालाही शोभणार नाही अशा पद्धतीने कातळापर्यंत गेली आणि हात लावून परत आली. परतताना मध्येच तिने मान वळवली.

"मोजलंस काय रे?"

"मोजलं, मावशी. सव्वीस. तुझा धरून सत्तावीस." मी तिला तू म्हणालो हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ती वर आली, गाऊन पिळला आणि चपलांत पाय घातले. चपला घराकडेच बघत होत्या, त्यामुळे तिला वळावं लागलं नाही. छत्री माझ्याजवळ ठेवून ती सरळ चालत गेली. रांगेच्या टोकाला जागा मोकळी झाली. त्या जागेकडे बघून मला भरून आलं. पण तिनेच शिकवलं होतं की मोकळी जागा म्हणजे माणूस सुखरूप बाहेर आलं. मी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून चपला मोजल्या. पाण्यात अजून सव्वीस होते.